बालकांच्या कर्करोगातील आनुवंशिक धागा

प्रौढ माणसाला कर्करोग झाला की त्याचे कारण शोधण्यासाठी आपण त्याच्या आयुष्याकडे पाहतो. तंबाखू, विडी, मद्य, कारखान्यातील धूर, वाढते वय असे काही ना काही सापडतेच. परंतु जे मूल अद्याप धड चालावयासही लागलेले नाही, त्याच्या आयुष्यात शोधावयाचे तरी काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलामुलींना आणि किशोरवयीनांना कर्करोग होतो. त्यांपैकी बहुसंख्यांच्या बाबतीत निश्चित असे कारण दाखविता येत नाही. मात्र काही मुलांच्या बाबतीत ते जन्मापूर्वीच, आईवडिलांकडून आलेल्या बीजातच दडलेले असते. हा धागा शास्त्रज्ञांच्या हाती कसा आला आणि आज त्याचा उपयोग मुलांचे प्राण व दृष्टी वाचविण्यासाठी कसा होत आहे, याची हकीकत उद्बोधक आहे. ती मुख्यत्वेकरून एका दुर्मिळ नेत्ररोगाभोवती गुंफलेली आहे.

मांजराच्या डोळ्यासारखी चमक

दृष्टिपटलाचा कर्करोग, ज्याला वैद्यकशास्त्रात रेटिनोब्लास्टोमा म्हणतात, हा बहुधा पाच वर्षांखालील मुलांनाच होतो. साधारणपणे पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका मुलाला तो होतो. प्रमाण अल्प वाटले तरी आपल्या देशाची लोकसंख्या लक्षात घेता भारतात दरवर्षी अशी सुमारे दीड हजार मुले आढळतात. रोगाचे पहिले लक्षण प्रायः डॉक्टरांच्या नव्हे, तर आईच्याच नजरेस येते. दिव्याचा उजेड विशिष्ट कोनातून पडला की डोळ्याची बाहुली काळी न दिसता पांढुरकी चमकते, अंधारात मांजराचे डोळे चमकावेत तशी. कधी मूल तिरळे पाहू लागते. पुष्कळदा घरातील वडीलधारी मंडळी ‘मोठेपणी जाईल’ असे सांगून धीर देतात, आणि नेमके तेच महिने हातचे निघून जातात. वेळीच निदान झाल्यास बहुतेक मुले वाचतात. विलंब झाला तर गाठ डोळ्याच्या मज्जातंतूमार्गे मेंदूकडे सरकते.

स्कॉटलंडमधील शल्यविशारद जेम्स वॉर्ड्रॉप यांनी १८०९ मध्ये या रोगाचे स्वतंत्र वर्णन केले आणि रोगग्रस्त डोळा लवकर काढावा असे सुचविले. त्या काळी बधिर करण्याची औषधे नव्हती आणि डोळ्याच्या आतील भाग पाहण्याचे उपकरणही नव्हते. हेल्महोल्ट्झ यांचे नेत्रदर्शक यंत्र १८५१ मध्ये आले. त्यानंतर गाठ डोळ्याबाहेर पडण्यापूर्वीच निदान होऊ लागले आणि डोळा काढलेली काही मुले जगू लागली. रोगाची आनुवंशिकता ध्यानात आली ती त्यानंतर. ब्राझीलमधील नेत्रवैद्य हिलारियो द गूव्हेआ यांनी १८७२ मध्ये एका मुलाचा असा डोळा काढला. तो मुलगा वाचला, मोठा झाला, संसाराला लागला आणि पुढे त्याच्या दोन मुलींना दोन्ही डोळ्यांत हाच रोग झाला. येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. रोगी मूल बालपणीच दगावत होते तोवर त्याची आनुवंशिकता दिसण्याचा संभवच नव्हता. उपचाराला यश आले, म्हणून वारसा उघडकीस आला.

तरीही एक कोडे शिल्लक राहिले. काही मुलांना दोन्ही डोळ्यांत गाठी होत आणि त्याही फार लहान वयात. काहींना एकाच डोळ्यात, एकच गाठ, आणि तीही तुलनेने उशिरा होई. काही घराण्यांत हा रोग पिढ्यानपिढ्या दिसे. काहींत एक पिढी सोडून दिसे. बहुतेक घरांत मात्र पूर्वी कोणालाही तो झालेला नसे. एकाच रोगाची ही निरनिराळी वागणूक कशामुळे?

अठ्ठेचाळीस मुलांच्या नोंदी

हे कोडे ज्यांनी उलगडले ते आल्फ्रेड नड्सन हे मूळचे बालरोगतज्ज्ञ. पुढे त्यांनी अनुवंशशास्त्राचेही शिक्षण घेतले. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन रुग्णालयात १९४४ ते १९६९ या काळात आलेल्या ४८ रेटिनोब्लास्टोमाग्रस्त मुलांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यांपैकी २३ मुलांना दोन्ही डोळ्यांत व २५ मुलांना एकाच डोळ्यात रोग होता. त्यांनी कोणतेही नवे उपकरण वापरले नाही की प्राण्यांवर प्रयोग केले नाहीत. प्रत्येक मुलाचे निदान किती महिन्यांचे असताना झाले हे घेऊन त्यांनी आलेख काढले आणि त्या रेषांचा अर्थ लावला. प्रयोगशाळांच्या भव्यतेने दिपून जाणाऱ्या आजच्या काळात हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

दोन्ही डोळ्यांत रोग असलेल्या मुलांचा आलेख सरळ रेषेत उतरत गेला. याचा अर्थ असा की, या मुलांच्या बाबतीत रोग होण्यास एकच घटना पुरेशी आहे आणि ती घटना ठराविक गतीने, यदृच्छेने घडत राहते. एकाच डोळ्यात रोग असलेल्या मुलांचा आलेख मात्र प्रथम संथपणे आणि मग वळण घेऊन उतरला. तेथे एकामागून एक अशा दोन घटना घडाव्या लागत होत्या. नड्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. तो पुढे ‘दोन आघातांचा सिद्धांत’ म्हणून विख्यात झाला.

सामान्य वाचकाला तो एका साध्या दृष्टांताने समजावून घेता येईल. वाड्याच्या दिंडीदरवाजाला आतून दोन अडसर आहेत असे समजा. एक निखळला तरी दुसरा दार धरून ठेवतो. चोर आत शिरावयाचा तर दोन्ही निघावयास हवेत. आपल्या प्रत्येक पेशीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून. पेशींच्या अनिर्बंध वाढीला आवर घालणारे एक जनुक आहे, त्याच्या दोन प्रती म्हणजे हे दोन अडसर. सर्वसाधारण मुलाच्या एकाच पेशीतील दोन्ही अडसर निघणे हा अत्यंत दुर्मिळ योगायोग होय. तो घडलाच तर एका डोळ्यात, एका ठिकाणी आणि उशिरा घडतो. परंतु ज्या मुलाच्या शरीरातील प्रत्येक पेशीत जन्मतःच एक अडसर नाही, त्याच्या दृष्टिपटलाच्या लक्षावधी वाढत्या पेशींपैकी कोठे ना कोठे दुसरा निखळण्याचा संभव फार मोठा असतो. म्हणून त्याच्या दोन्ही डोळ्यांत, अनेक ठिकाणी आणि लवकर गाठी होतात.

नड्सन यांच्या हिशेबाप्रमाणे अशा मुलाला सरासरी तीन गाठी होतात. सरासरी तीन म्हणजे कोणाला पाच, कोणाला एक आणि शंभरांतील सुमारे पाच जणांना एकही नाही. दोष अंगी बाळगूनही ज्याला रोग झाला नाही असा बाप किंवा आई तो दोष मुलांना देऊ शकते. एक पिढी सोडून रोग का दिसतो, याचे उत्तर या साध्या गणितात सापडले.

पुढील पंधरा वर्षांत या तर्काला प्रत्यक्षाचा आधार मिळाला. हे जनुक तेराव्या गुणसूत्रावर असल्याचे ठरले. गाठीच्या पेशींत त्याची दुसरी प्रतही नाहीशी झालेली असते, हे १९८३ मध्ये दिसून आले आणि १९८६ मध्ये अमेरिकेतील स्टीफन फ्रेंड, थॅडियस ड्रायजा, रॉबर्ट वाइनबर्ग व त्यांचे सहकारी यांनी ते जनुकच वेगळे केले. वाढीला आवर घालणाऱ्या वर्गातील हाती लागलेले हे पहिलेच जनुक होय. त्याला आरबी-१ असे नाव आहे. हे जनुक एका दुर्मिळ बालरोगापुरतेच महत्त्वाचे नाही, हेही लवकरच कळून आले. आपल्याकडील स्त्रियांमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू पेशीत शिरून ज्या प्रथिनांना निकामी करतो, त्यांत याच जनुकाने तयार केलेले प्रथिन असते.

दोष कोणाचाही नाही

येथे एका सामाजिक बाबीचा परामर्श घेणे अगत्याचे आहे. मुलाला असा रोग झाला की घरात व शेजारीपाजारी बोट दाखविले जाते ते आईकडे. ग्रहणात भाजी चिरली, डोहाळे पुरविले नाहीत, माहेरच्या कुळात काही असेल, एक ना दोन. संशोधन काय सांगते? आनुवंशिक स्वरूपाचा रेटिनोब्लास्टोमा असलेल्या बहुसंख्य मुलांच्या घराण्यात पूर्वी कोणालाही हा रोग झालेला नसतो. त्यांच्यातील बदल अगदी नवा, बीजपेशी तयार होताना घडलेला असतो. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून असे दिसून आले की, हा नवा बदल बहुतेक वेळा पित्याकडून आलेल्या प्रतीत असतो. यावरून आता पित्याला दोषी धरावे असे मुळीच नाही. पुरुषाच्या शरीरात बीजपेशी आयुष्यभर तयार होत राहतात आणि कोट्यवधी वेळा नक्कल करताना कोठे तरी अक्षर चुकते, एवढाच त्याचा अर्थ. परंतु ज्या सुनेला या कारणावरून घराबाहेर काढण्याची भाषा होते, तिच्या सासरच्या मंडळींनी ही वस्तुस्थिती अवश्य ऐकावी.

आनुवंशिक प्रकार एकूण रुग्णांपैकी सुमारे चाळीस टक्के असतो. दोन्ही डोळ्यांत रोग असलेली मुले यातच मोडतात. शिवाय एकाच डोळ्यात रोग असलेल्यांपैकीही सुमारे पंधरा टक्के मुलांत हा दोष जन्मजात असतो. असे मूल मोठे होऊन आईबाप झाले तर प्रत्येक अपत्याला दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते.

रक्ताच्या तपासणीने हा दोष ओळखता येतो. त्याचा लाभ किती व्यावहारिक आहे पाहा. रोगी मुलाच्या धाकट्या भावंडाच्या डोळ्यांची तपासणी जन्मापासून काही वर्षे वारंवार, अनेकदा भूल देऊन करावी लागते. मोठ्या भावंडातील नेमका दोष एकदा कळला आणि धाकट्यात तो नाही असे दिसले, तर त्या बालकाची या सर्वांतून सुटका होते आणि जिल्ह्याच्या गावाहून मुंबईच्या खेपा घालणाऱ्या आईबापांचीही होते. दोष आढळलाच तर पहिल्या काही आठवड्यांतच तपासणी सुरू करून राईएवढी गाठ लेसर किरणांनी किंवा शीतोपचाराने नष्ट करता येते. डोळा काढण्याची वेळ बहुधा येत नाही.

उपचाराची दिशाही या ज्ञानाने बदलली. पूर्वी डोळा वाचविण्यासाठी बाहेरून क्ष-किरण देत. परंतु जन्मजात दोष असलेल्या मुलांत अशा उपचारानंतर पुढील आयुष्यात हाडांचे व स्नायूंचे कर्करोग अधिक प्रमाणात उद्भवतात, असे दीर्घकालीन पाहणीत आढळले. त्यामुळे आता शक्य तेथे औषधोपचार व स्थानिक उपचार यांवर भर दिला जातो. लहानपणी या रोगातून बरे झालेल्या माणसाने मोठेपणीही आपला पूर्वेतिहास प्रत्येक डॉक्टरांना सांगणे म्हणूनच आवश्यक ठरते.

इतर घराणी, इतर जनुके

रेटिनोब्लास्टोमा हे या शास्त्राचे प्रवेशद्वार ठरले. त्यामागे अनेक दालने आहेत. अमेरिकेतील फ्रेडरिक ली व जोसेफ फ्रॉमेनी यांनी स्नायूंच्या एका बालकर्करोगाच्या ६४८ रुग्णांची कागदपत्रे व मृत्यूचे दाखले पाहिले. त्यांतून १९६९ मध्ये त्यांनी अशी चार कुटुंबे दाखवून दिली की ज्यांत मुलांना हा रोग आणि तरुण आयांना स्तनाचा कर्करोग झालेला होता. एका कुटुंबात इतके निरनिराळे कर्करोग यावेत हे त्या वेळी अनेकांना पटले नाही. १९९० मध्ये त्यामागील जनुक सापडले. टीपी-५३ हे त्याचे नाव. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू निकामी करतो त्यांतील दुसरे प्रथिन याच जनुकाचे, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

या कुटुंबांतील मुलांना कर्करोग शरीरात कोठेही होऊ शकतो. मग जनुकातील दोष कळून उपयोग काय, अशी शंका वाचकाला येईल. कॅनडातील टोरांटो येथील बालरुग्णालयाच्या पुढाकाराने या शंकेचा छडा लावण्यात आला. दोष असलेल्यांची ठराविक काळाने रक्ततपासणी, ध्वनिलहरी तपासणी व संपूर्ण शरीराची चुंबकीय प्रतिमा अशी पद्धत आखण्यात आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८९ व्यक्तींच्या पाहणीत, ज्यांनी ही देखरेख स्वीकारली त्यांच्यात पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ८८.८ टक्के आणि ज्यांनी ती स्वीकारली नाही त्यांच्यात ५९.६ टक्के होते. ही पाहणी लहान होती व गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, हे खरे. तथापि फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

दक्षिण ब्राझीलमध्ये याच जनुकातील एक विशिष्ट बदल असाधारण प्रमाणात आढळतो व त्यामुळे तेथे मूत्रपिंडावरील ग्रंथींचा कर्करोग मुलांना अधिक होतो. तेथील पाराना राज्यात १ लाख ७१ हजार ६४९ नवजात बालकांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ४६१ बालकांत हा बदल सापडला आणि त्यांना नियमित देखरेखीखाली आणण्याची सोय झाली. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर एखादे राज्य एवढे काम उभे करू शकते, हे आपल्यासारख्या विकसनशील प्रदेशांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

सर्वसाधारणपणे कर्करोगग्रस्त मुलांपैकी किती जणांत असा जन्मजात दोष असतो, याचा अंदाज २०१५ मध्ये अमेरिकेतील सेंट ज्यूड रुग्णालयाच्या संशोधनातून आला. तेथे तपासलेल्या वीस वर्षांखालील १,१२० रुग्णांपैकी ९५ जणांत, म्हणजे ८.५ टक्क्यांत तो आढळला. विशेष म्हणजे दोष असलेल्या ज्या मुलांची कौटुंबिक माहिती उपलब्ध होती, त्यांपैकी केवळ चाळीस टक्क्यांच्या घरात कर्करोगाचा पूर्वेतिहास होता. ‘आमच्या घरात कोणाला नव्हता’ हे वाक्य त्यामुळे निर्णायक मानता येत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. शंभरांतील नव्वदांहून अधिक मुलांत असा कोणताही वारसा सापडला नाही, आणि एका मुलाला रक्ताचा कर्करोग झाला म्हणून इतर भावंडांविषयी भयभीत होण्याचे कारण बहुतेक घरांना नाही.

आतापर्यंत वर्णन केलेले दोष एकाच पालकाकडून आले तरी पुरेसे असतात. काही विकारांत मात्र आई व वडील दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागते. झिरोडर्मा पिगमेंटोसम या विकारात मुलाच्या त्वचेला सूर्यप्रकाशाने झालेली इजा भरून काढता येत नाही व बालपणीच त्वचेचे कर्करोग होऊ लागतात. फॅन्कोनी अ‍ॅनिमियात रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि नेहमीच्या मात्रेतील औषधे मुलाला झेपत नाहीत. नात्यातील विवाहांत असे योग जुळण्याची शक्यता अधिक असते, कारण एकाच आजोबांची सदोष प्रत दोन्हीकडून खाली येऊ शकते. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रूढी महाराष्ट्रातील अनेक समाजांत होती व काही ठिकाणी ती आजही आहे. अशा प्रत्येक विवाहातून रोगी संतती होते असे नव्हे. परंतु घराण्यात असा विकार एकदा दिसला असेल तर पुढील सोयरीक जुळविण्यापूर्वी अनुवंश-सल्लागाराकडे जाणे शहाणपणाचे होय.

तपासणी कोणाची, केव्हा?

तपासणी उपलब्ध आहे म्हणून ती प्रत्येक मुलाची करावी, असे तज्ज्ञांचे मत नाही, आणि ते योग्यच आहे. येथे एक साधी कसोटी लावली जाते : दोष कळल्याने मुलाच्या बालपणीच काही करता येण्याजोगे आहे काय? रेटिनोब्लास्टोमाच्या बाबतीत उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. परंतु स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए जनुकांचे उदाहरण घ्या. आईत हा दोष असेल तरी दहा वर्षांच्या मुलीची तपासणी करून काही साधत नाही. त्यासंबंधीचे उपाय प्रौढपणीच करावयाचे असतात. अशा वेळी ती मुलगी सज्ञान होऊन स्वतः निर्णय घेईपर्यंत थांबावे, असा संकेत आहे. ज्या समाजात मुलीची पत्रिका पाहतात तेथे उद्या जनुकांचा कागदही मागितला जाणार नाही, याची खात्री कोणी द्यावी? तपासणीचा निष्कर्ष गुप्त राहणे आणि तपासणीपूर्वी व नंतर कुटुंबाशी शांतपणे बोलणारा सल्लागार असणे, या दोन गोष्टी यंत्रसामग्रीइतक्याच मोलाच्या आहेत.

मुंबईत १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आणि नवी मुंबईत खारघर येथील त्याचे संशोधन केंद्र येथे कर्करोगाच्या आनुवंशिकतेवर काम चालते. तेथे पोहोचण्याआधीचा टप्पा मात्र गावातच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाला. या कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शाळांना एकदा भेट देऊन मुलांची तपासणी करतात आणि संशयित बालकांना पुढील उपचारांसाठी पाठवितात. राज्याच्या महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेतही कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे.

पालकांनी करावयाचे काम यापेक्षा सोपे आहे. बाळाच्या डोळ्यात पांढरी चमक दिसली, विजेच्या झोताने घेतलेल्या छायाचित्रात एका डोळ्याची बाहुली लाल व दुसऱ्याची पांढरी आली, किंवा तिरळेपणा जाणवला, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. अशी चमक मोतीबिंदूसारख्या अन्य कारणांनीही दिसते, पण त्याचाही उपचार लवकरच व्हावयास हवा. ज्यांच्या स्वतःच्या बालपणी या रोगाने डोळा काढावा लागला असेल, त्यांनी अपत्याच्या जन्मापूर्वीच डॉक्टरांना तसे सांगावे. बाळाच्या डोळ्यांची पहिली तपासणी जन्मानंतर काही दिवसांतच व्हावयास हवी आणि पुढील तपासण्यांच्या तारखा त्याच वेळी ठरवून घ्याव्यात.